वाचकाची साक्ष : सोलापूर आणि मराठी कादंबरी
(प्रस्तावना)

मराठी कादंबरीचा इतिहास आजवर प्रामुख्याने लेखक, कलाकृती आणि समीक्षक या तीन अंगांनी लिहिला गेला असून, ज्याच्यासाठी ती लिहिली, छापली आणि विकली गेली त्या वाचकाला या इतिहासात आवृत्त्यांच्या आकड्यांपलीकडे फारसे स्थान मिळालेले नाही. कादंबरीच्या किती आवृत्त्या निघाल्या हे प्रकाशकाकडून समजते, तिला कोणते पुरस्कार लाभले हे मुखपृष्ठावरच छापलेले असते आणि जाणकारांनी तिची कशी दखल घेतली हे नियतकालिकांच्या जुन्या अंकांत सापडते. परंतु ती वाचून मिटल्यावर एखाद्या शिक्षिकेने, यंत्रमागावरील कामगाराने, बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थाने किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणाने तिच्याविषयी काय मत बनवले, आणि ते तसेच का बनले, याचा मागोवा क्वचितच घेतला जातो. सोलापूर शहर आणि जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून, निरनिराळ्या प्रकारच्या कादंबऱ्यांविषयी वाचक जी वैयक्तिक मते बाळगतात आणि बोलून दाखवतात, त्या मतांकडे अभ्यासविषय म्हणून कसे पाहता येईल, याची मांडणी करणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

या मांडणीचा मुख्य आग्रह आरंभीच नोंदवणे योग्य ठरेल. वाचकाचे मत हे कलाकृतीवरील निकालपत्र म्हणून तपासले, तर ते बहुतेक वेळा तोकडे, एकांगी आणि क्वचित अन्यायकारकही वाटते. पण तेच मत साक्ष म्हणून ऐकले, तर त्याचे मोल एकदम वाढते. न्यायालयात साक्षीदाराला गुन्हा सिद्ध झाला की नाही हे विचारत नाहीत. तो कोठे उभा होता, तेथून त्याला काय दिसले आणि काय दिसू शकत नव्हते, एवढेच त्याने खरेपणाने सांगावे अशी अपेक्षा असते. कादंबरीच्या वाचकाकडूनही हीच अपेक्षा रास्त आहे. आपण कोठून वाचतो आहोत हे सांगून, संहितेतील नेमक्या कोणत्या जागेने आपल्याला धरून ठेवले अथवा दूर लोटले हे जो वाचक दाखवू शकतो, त्याचे मत, तो साहित्याचा पदवीधर असो वा नसो, वाङ्मयीन पुरावा म्हणून स्वीकारावे लागते.

येथे वापरलेल्या काही संज्ञांचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'मत' म्हणजे वाचनानंतर वाचकाच्या मनात स्थिर झालेली पसंती, नापसंती आणि तिच्यामागील कारणे यांचा समुच्चय होय. 'परीक्षण' म्हणजे नव्या पुस्तकाचा परिचय करून देत केलेले जाहीर मूल्यमापन. आणि 'समीक्षा' म्हणजे कलाकृतीची रचना, आशय व परंपरेतील स्थान यांचा निकष ठरवून केलेला विचार. या तिन्हींमध्ये उच्चनीचता मानण्याऐवजी त्यांची कामे वेगळी मानणे श्रेयस्कर आहे. तसेच 'अलीकडे वाचलेली कादंबरी' आणि 'अलीकडे प्रसिद्ध झालेली कादंबरी' या दोन गोष्टीही एक नव्हेत. सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात पन्नाससाठ वर्षांपूर्वीची कादंबरी गेल्याच वर्षीच्या कादंबरीशेजारी ठेवलेली असते, पुन्हा बांधणी केलेल्या तिच्या पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेले नाव असते, शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर परतीच्या तारखांचे शिक्के एकावर एक चढलेले असतात, आणि समासात कोणा अनामिक वाचकाने पेन्सिलीने ओढलेली उभी रेघ पुढच्या वाचकाचे लक्ष वेधून घेते. आज ती घरी नेणाऱ्याच्या दृष्टीने ती नवीच असते. म्हणून या विवेचनात कादंबरीच्या प्रकाशनकालापेक्षा वाचनकालाला अधिक महत्त्व दिले आहे.

वाचकाच्या मताला प्रतिष्ठा देण्याचा विचार आपल्या परंपरेला परका नाही. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळात होऊन गेलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात प्रतिभेचे दोन भेद सांगितले : काव्य निर्माण करणारी ती कारयित्री आणि काव्याचा आस्वाद घेणारी ती भावयित्री. आस्वाद घेण्याच्या शक्तीलाही प्रतिभा हेच नाव देणे, याचा अर्थ वाचनात एक प्रकारचे सर्जन असते हे मान्य करणे होय. राजशेखराने आस्वादकांचे चार प्रकारही नोंदवले आहेत. ज्याला सहसा काहीच रुचत नाही तो अरोचकी, समोर येईल ते गवतासकट गिळणारा तो सतृणाभ्यवहारी, दुसऱ्याचे गुण दिसूनही ते मान्य न करणारा तो मत्सरी आणि रचनेच्या मर्मापर्यंत जाऊ पाहणारा तो तत्त्वाभिनिवेशी. हजार वर्षांपूर्वीचे हे वर्गीकरण आजच्या वाचकांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते. मात्र एकच माणूस एका कादंबरीपुरता अरोचकी आणि दुसरीपुरता तत्त्वाभिनिवेशी असू शकतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मराठीत कादंबरी रुजत असतानाच तिच्याविषयीची मतेही व्यक्त होऊ लागली. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आणि रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' १८७१ मध्ये पुस्तकरूपाने वाचकांपुढे आली. आणि पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा नावल (म्हणजे कादंबरी) व नाटक यांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला, ज्यात या नव्या वाङ्मयप्रकाराचा गंभीरपणे विचार करण्यात आला होता. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी याच तीन कादंबऱ्यांच्या नावांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती कल्पिल्या : समाजवास्तवाला भिडणारी यमुनापर्यटन-प्रवृत्ती, कल्पनारम्य जगात रमवणारी मुक्तामाला-प्रवृत्ती आणि इतिहासाचा आधार घेणारी मोचनगड-प्रवृत्ती. हे वर्गीकरण लेखनाचे असले, तरी ते वाचकांच्या अपेक्षांचेही आहे, कारण वाचक यांपैकी काय मागण्यासाठी पुस्तक उघडतो यावर त्याच्या मताचा निम्मा भाग आधीच ठरलेला असतो.

हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, तेव्हा वाचकाच्या मताला आणखी एक परिमाण लाभले. कादंबरी हप्त्याहप्त्याने येत असल्यामुळे ती पूर्ण होण्याआधीच घराघरांत तिच्यावर बोलणे शक्य झाले, आणि यमू या बालविधवेची कहाणी ही एका कुटुंबाची गोष्ट न राहता चर्चेचा सार्वजनिक विषय बनली. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा तर पुस्तकातील आशयाइतकेच लेखिका कोण याचे कुतूहल वाचकांना लागून राहिले आणि शिकलेल्या अविवाहित स्त्रीच्या मनाविषयी इतक्या उघडपणे लिहावे की नाही, यावर मोठे वादळ उठले. त्या वादळातील मते आज वाचताना पुस्तकाबद्दल जितके कळते, त्याहून अधिक त्या काळच्या मध्यमवर्गाच्या भीतीबद्दल आणि आशेबद्दल कळते. साक्ष म्हणून मताचे महत्त्व कोणते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

पाश्चात्त्य साहित्यविचारानेही विसाव्या शतकात हा प्रश्न हाती घेतला. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचायला दिल्या, त्यांचे लेखी प्रतिसाद जमवले आणि १९२९ मधील आपल्या ग्रंथात वाचक कोठे अडखळतात याची चिकित्सा केली. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ मध्ये 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली. तिचा आशय असा की, प्रत्येक काळातील वाचक आधीच्या वाचनातून तयार झालेल्या अपेक्षा घेऊन नव्या कलाकृतीकडे येतो आणि ती कलाकृती त्या अपेक्षा पूर्ण करते, मोडते अथवा बदलते. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथासाठी अमेरिकेतील एका गावातील स्त्रिया प्रेमकादंबऱ्या का वाचतात याचा त्यांच्याशी बोलूनच अभ्यास केला आणि ज्या वाचनाला विद्वान हिणवत आले, त्यामागे घरकामाच्या धबडग्यात स्वतःसाठी थोडा वेळ राखण्याची गरज होती हे दाखवून दिले. या तिन्ही अभ्यासांतून मिळणारा धडा असा की, वाचकाच्या मताकडे तुच्छतेने न पाहता त्याला प्रश्न विचारले, तर ते बोलू लागते.

असे प्रश्न विचारण्यासाठी सोलापूर ही विशेष अनुकूल भूमी आहे. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, जी पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेली. तिच्यामागून लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या, हातमाग व यंत्रमाग वाढले, चादर व टॉवेल यांनी शहराचे नाव दूरवर नेले आणि विडी उद्योगाने हजारो स्त्रियांच्या हातांना काम दिले. पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांबरोबर भाषाही आल्या. पद्मशाली विणकरांच्या पूर्वभागातील वस्तीत तेलुगू, अक्कलकोट व दक्षिण सोलापूरच्या बाजूने कन्नड, अनेक मोहल्ल्यांत उर्दू-हिंदी आणि या सर्वांना जोडणारी मराठी, असे हे शहर घडले. त्यामुळे सोलापुरात मराठी कादंबरी वाचणाऱ्या माणसाची घरातली भाषा मराठीच असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि मराठी वाचक म्हटल्यावर जे एकजिनसी चित्र पुणे-मुंबईच्या संदर्भात उभे केले जाते, ते येथे टिकत नाही.

शहराचा वाङ्मयीन वारसाही कमी नाही. १९४१ चे मराठी साहित्य संमेलन येथे भरले तेव्हा अध्यक्षपदी वि. स. खांडेकर, म्हणजे त्या काळी घरोघर वाचले जाणारे कादंबरीकार, होते. २००६ मध्ये ते पुन्हा येथे भरले तेव्हा अध्यक्ष होते याच शहरात १९३२ मध्ये जन्मलेले मारुती चितमपल्ली. कादंबरीकार व समीक्षक त्र्यं. वि. सरदेशमुख यांचे वास्तव्य सोलापुरात होते आणि त्यांच्या 'डांगोरा एका नगरीचा' या कादंबरीला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निर्मलकुमार फडकुले आणि गो. मा. पवार यांच्यासारख्या अभ्यासकांनी येथील विद्यार्थ्यांना आणि श्रोत्यांना साहित्याकडे पाहण्याची शिस्त दिली, तर लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी तेलुगू व मराठी या दोन भाषांमधील ये-जा अनुवादांद्वारे सोपी केली. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्था, आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ यानुसार अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता व अनुदान मिळवणारी शहरातील व तालुक्यांतील ग्रंथालये, यांच्यामुळे पुस्तक विकत घेणे न परवडणाऱ्या माणसालाही कादंबरी वाचता आली. ज्यांच्या मतांचा येथे विचार आहे, त्यांतील फार मोठा वर्ग या ग्रंथालयांनी घडवला आहे.

आता कादंबरीच्या निरनिराळ्या प्रकारांकडे वळले असता असे दिसते की, प्रत्येक प्रकार वाचकाशी एक अबोल करार करतो आणि मत बरेचदा त्या करारावरच अवलंबून असते. ऐतिहासिक व पौराणिक कादंबरी हा त्यांतील सर्वाधिक लोकप्रिय प्रकार. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२), शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) आणि विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) या कादंबऱ्या पिढ्यानपिढ्या वाचल्या जात आहेत. त्यांच्याविषयीच्या मतांत दोन सूर सतत एकमेकांना छेद देतात : एक सूर व्यक्तिरेखेशी तादात्म्य पावल्याचा, तर दुसरा हे खरेच असे घडले का, असे विचारणारा. 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण अशी सहा पात्रे आपापल्या तोंडून कथा सांगतात. कथा सांगणाऱ्या पात्राला किंवा आवाजाला 'निवेदक' म्हणतात, आणि निवेदक बदलला की तेच सत्य वेगळे दिसते. जो वाचक कर्णावरील अन्यायाने हेलावतो, त्याच्या मतातही वास्तविक निवेदनपद्धतीचे यश सामावलेले असते. फक्त ते त्याने त्या शब्दांत सांगितलेले नसते. अभ्यासकाचे काम ते उलगडून दाखवण्याचे आहे.

ग्रामीण व प्रादेशिक कादंबरीचा करार निराळा आहे. विशिष्ट भूभागाची माती, बोली, हवामान आणि माणसे यांच्याशिवाय जी उभीच राहू शकत नाही ती प्रादेशिक कादंबरी. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) माणदेशातील धनगरांच्या वाडीची आहे, आणि माणदेशाची हद्द सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यापर्यंत पोहोचते. नवनाथ गोरे यांची 'फेसाटी' ही कादंबरी जत तालुक्यातील दुष्काळी जगण्याची असून तिला २०१८ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. जत आणि मंगळवेढा यांच्यात जिल्ह्याची रेघ असली, तरी पावसाने दिलेला दगा दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे मंगळवेढ्याच्या वाचकाला 'फेसाटी'तील बोली परकी वाटत नाही, उलट छापील पुस्तकात आपल्या घरचे बोलणे आले याचा आनंदच त्याच्या मतात आधी उमटतो. शहरी वाचक मात्र तीच बोली वाचताना अडतो आणि कादंबरी अवघड असल्याचे सांगतो. दोघेही खरे बोलत असतात. अवघडपणा पुस्तकात किती आणि वाचकाच्या जागेत किती, हे दोन्ही मते शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

धरणामुळे गाव सोडावे लागलेल्यांच्या कादंबऱ्या हे याच मुद्द्याचे अधिक तीव्र रूप आहे. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ला १९९२ चा, तर कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्हींच्या केंद्रस्थानी विस्थापन आहे, परंतु पहिली कादंबरी पुनर्वसनाच्या कारभाराचा विस्तृत पट मांडते, तर दुसरी माणूस, जनावर आणि सोडून आलेले रान यांच्या नात्यात खोल उतरते. सोलापूर जिल्ह्यात भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाखाली करमाळा भागातील व शेजारच्या इंदापूर तालुक्यातील गावांच्या जमिनी गेल्या, तर त्याच पाण्यावर जिल्ह्यात इतरत्र ऊस वाढला व साखर कारखाने चालले. एकाच जिल्ह्यात, एकाच धरणाने, एका कुटुंबाला बुडवले आणि दुसऱ्याला तारले. अशा परिस्थितीत 'झाडाझडती' वाचणाऱ्या धरणग्रस्त घरातील वाचकाला त्यातील कचेरीचे हेलपाटे तपशिलासह ओळखीचे वाटतील, आणि लाभक्षेत्रातील बागायतदाराला ती कादंबरी आपल्या सुबत्तेविषयी प्रथमच अस्वस्थ करणारा प्रश्न विचारील. ही दोन्ही मते मिळून कादंबरीची ताकद जितकी स्पष्ट करतात, तितकी कोणत्याही एका परीक्षणाने होणे कठीण आहे.

येथे विभावरी शिरूरकर यांच्या 'बळी' (१९५०) या कादंबरीचा विचार थोडा सविस्तर करणे उचित ठरेल. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावर हजेरी लादली आणि पुढे त्यांतील अनेकांना काटेरी तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवले. लेखिकेने, म्हणजे मालतीबाई बेडेकर यांनी, १९३७ पासून सुमारे तीन वर्षे अशा वसाहतींतील शिक्षणव्यवस्थेत अधिकारी म्हणून काम केले होते आणि त्या काळात पाहिलेले मांग-गारुडी समाजाचे जीवन 'बळी'त आले. सोलापुरातही अशी मोठी वसाहत होती. १९५२ मध्ये कायदा देशभर रद्द झाला, पण तो भाग आजही 'सेटलमेंट' याच नावाने ओळखला जातो. पुण्यातील वाचकाला 'बळी' ही एका अपरिचित जगाची ओळख वाटते; सोलापूरच्या वाचकाला मात्र ती रोजच्या रिक्षाच्या वाटेवरील एका थांब्याचा पूर्वेतिहास सांगते, आणि ज्याच्या आजोबांनी त्या कुंपणाआड हजेरी दिली असेल त्याच्यापुढे ती आणखीच वेगळा प्रश्न उभा करते : बाहेरून आलेल्या, सहानुभूती असलेल्या अधिकारी स्त्रीने लिहिलेले हे चित्रण आपले किती आणि तिचे किती? हा प्रश्न वाचकाच्या वैयक्तिक मतातून निघतो. तरीही तो प्रतिनिधित्वाचा, म्हणजे कोणी कोणाच्या वतीने बोलावे याचा, साहित्यविचारातील मूलभूत प्रश्न आहे. 'बळी'शेजारी अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) आणि अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर येथे जन्मलेले शरणकुमार लिंबाळे यांची, २०२० च्या सरस्वती सन्मानाने गौरवलेली 'सनातन' ठेवून वाचली, तर आतून लिहिणे आणि बाहेरून लिहिणे यांतील फरक वाचकाला सिद्धान्ताच्या आधाराशिवायही जाणवतो.

रहस्य, भय, विज्ञान आणि तरुणाईच्या कादंबऱ्यांना पुष्कळदा 'रंजनप्रधान' असे म्हणून बाजूला सारले जाते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर, भयकथेला मराठीत घर मिळवून देणारे नारायण धारप, 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' या कादंबऱ्यांतून विज्ञानाची गोडी लावणारे जयंत नारळीकर आणि 'दुनियादारी' (१९८२) लिहिणारे सुहास शिरवळकर यांनी मराठी माणसाला वाचायला लावले, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात अधिक ठळकपणे नोंदवली गेली पाहिजे. गिरणीची पाळी संपवून आलेल्या कामगाराला तासाभराची उत्कंठा हवी असेल, तर ती मागणी न्याय्य आहे आणि ती पूर्ण करणारे लेखन कसबाचे आहे. या प्रकारांविषयीची मते ऐकताना निकष मात्र त्या प्रकाराचाच हवा : रहस्यकथेत दुवे प्रामाणिकपणे पेरले होते का, विज्ञान कादंबरीत कल्पनेला तर्काचा आधार होता का, भयकथेत वातावरण हळूहळू चढत गेले का. 'दुनियादारी'वर २०१३ मध्ये चित्रपट निघाल्यावर कादंबरीकडे वळलेल्या नव्या वाचकाचे मत आणि ऐंशीच्या दशकात ती हातोहात फिरवणाऱ्या वाचकाचे मत यांत जो फरक पडतो, तोही अपेक्षांच्या क्षितिजाचाच परिणाम होय. नंदा खरे यांची 'उद्या' ही कादंबरी तर हे कप्पेच अपुरे ठरवते, कारण भविष्यकाळात घडत असूनही तिचा रोख आजचा बाजार, तंत्रज्ञान आणि माणसांवरील पाळत यांच्यावर आहे.

अनुवादित कादंबरीचे सोलापुरातील वाचन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल. एस. एल. भैरप्पा यांची महाभारतावरील 'पर्व' ही कन्नड कादंबरी उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांची झाली. परंतु अक्कलकोटच्या बाजूला मूळ कन्नड आणि मराठी अनुवाद दोन्ही वाचू शकणारा वाचक आहे, आणि संवादाचा ठसका कोठे टिकला, कोठे निवला हे तो कोणत्याही कोशाविना सांगू शकतो. 'मृत्युंजय'मधील तेजस्वी महाभारत आणि 'पर्व'मधील चमत्कार वजा केलेले, मानववंशशास्त्राच्या अंगाने पाहिलेले महाभारत, या दोहोंची तुलना अशा वाचकाच्या मतात आपोआप होते. तेलुगू घरातील मराठी वाचकाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. भाषांच्या सीमेवर उभे राहून वाचणाऱ्या या माणसांची मते टिपून ठेवली नाहीत, तर मराठी समीक्षेचेच नुकसान होईल.

अर्थात वाचकांची मते साक्ष म्हणून स्वीकारायची, तर त्यांतील दोषही डोळसपणे पाहिले पाहिजेत. 'खिळवून ठेवते', 'डोळ्यांत पाणी आणते', 'एका बैठकीत वाचून काढली' हे शब्द इतके रुळले आहेत की ते कोणत्याही कादंबरीला लागू पडतात आणि म्हणूनच कोणत्याच कादंबरीविषयी काही सांगत नाहीत. पात्राचे वागणे नापसंत म्हणून कादंबरी नापसंत करणे हा दुसरा दोष. खांडेकरांच्या 'ययाति'तील भोगलोलुप राजा आवडावा म्हणून ती कादंबरी लिहिलेली नाही, आणि नेमाड्यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर आदर्श विद्यार्थी नाही म्हणून ती उणी ठरत नाही. तिसरा दोष दबावाचा : पुरस्कारप्राप्त पुस्तक कळले नाही हे बोलून दाखवायला संकोच वाटतो, तर लोकप्रिय पुस्तक आवडले हे जाणकारांपुढे कबूल करायला. जातीचा, गावाचा अथवा राजकीय निष्ठेचा अभिमान मताला वाकवतो, हा चौथा. मात्र हे दोष समीक्षकांतही आढळतात. फरक इतकाच की समीक्षकाच्या शास्त्रीय परिभाषेआड ते सहज झाकले जातात आणि वाचकाच्या साध्या बोलण्यात लगेच उघडे पडतात.

म्हणून मत तोलताना तीन गोष्टी पाहाव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, मताला संहितेतील आधार आहे का. म्हणजे वाचक एखादा प्रसंग, एखादी व्यक्तिरेखा, एखादे वळण दाखवून बोलतो का. दुसरी, वाचकाने आपली जागा सांगितली आहे का. आपला व्यवसाय, भाषा, वय, आधीचे वाचन यांपैकी कशाने आपल्याला ही कादंबरी अशी दिसली, याची त्याला जाण आहे का. तिसरी, कादंबरीने ज्या प्रकारचा करार केला होता त्याच कराराने तिची परीक्षा झाली आहे का. या तिन्ही कसोट्यांना उतरणारी दोन मते परस्परविरुद्ध असली, तरी त्यांपैकी एक खोडून काढण्याची गरज नसते, कारण मोठी कादंबरी परस्परविरुद्ध प्रामाणिक वाचनांना एकाच वेळी जागा देते आणि तीच तिच्या मोठेपणाची एक खूण असते.

या विचाराचा व्यावहारिक उपयोगही सांगितला पाहिजे. ग्रंथालयांनी देवघेवीच्या टेबलावर अभिप्रायवही ठेवून, केवळ आवडले-नावडले न विचारता वरील तीन प्रश्न विचारले, तर काही वर्षांत त्या गावाच्या वाचनाचा असा दस्तऐवज तयार होईल की जो पुस्तकखरेदीपासून संशोधनापर्यंत सर्वत्र उपयोगी पडेल. महाविद्यालयांतील मराठीच्या विभागांनी विद्यार्थ्यांना गाइडमधील उत्तरे पाठ करायला न लावता, घरातील किंवा गल्लीतील एका वाचकाशी एका कादंबरीविषयी बोलून ते संभाषण लिहून आणायला सांगितले, तर विद्यार्थी समीक्षा शिकतील आणि माणसेही वाचायला शिकतील. विडी वळणाऱ्या बाईने, माग चालवणाऱ्या कामगाराने, पाण्याखाली गेलेल्या गावातून आलेल्या शेतकऱ्याने कादंबरी वाचली असेल, तर त्या कादंबरीविषयी बोलण्याचा त्यांचा अधिकार प्राध्यापकाच्या अधिकाराइतकाच खरा आहे, आणि तो वापरण्याची सवय ज्या समाजाला लागते त्या समाजात चांगल्या कादंबरीला योग्य वाचकाची वाट पाहत फार काळ थांबावे लागत नाही. मराठी कादंबरीचा पुढील इतिहास लिहिला जाईल तेव्हा त्यात सोलापूरच्या, आणि सोलापूरसारख्या प्रत्येक शहराच्या, वाचकांची साक्ष नावानिशी व आदराने नोंदवली जावी, हीच या विवेचनामागील अपेक्षा आहे.